दिवसा सोनं, रात्री गराडू: इंदूरच्या दोन दिवसांमागचा इतिहास

कानाऐवजी डोळ्यांनी 'ऐकणाऱ्यांसाठी' हा भाग लिहून टाकतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' बरेचसे काढलेत, सगळे नाही निघाले.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता. शुक्रवारी रात्री निघायचं, सोमवारी सकाळी लॉगिन करायचं, मध्ये खाणं पाहिजे, थोडी खरेदी पाहिजे आणि रात्री दहाला गाव झोपायला नको. माझं उत्तर आहे इंदूर. मुंबई सेंट्रलवरून संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस पकडली की सकाळी नाश्त्याला तुम्ही तिथे. पुण्याहून स्लीपर बस आहेत. पण नुसती दुकानांची यादी पाहिजे असेल तर रील्स भरपूर आहेत. मला आज दुसरंच सांगायचंय. इंदूरमध्ये रात्री दोन वाजता सोन्याच्या दुकानासमोर उभं राहून आपण दहीवडा का खातो? ही जागा नक्की कोणाची? आणि हे असंच चालू राहील का? तिथे सध्या यावर वाद चालू आहे, म्हणून जायचं असेल तर हे माहीत असलेलं बरं.

सुरुवात राजवाड्यापासून. तुमचा नकाशाही तिथूनच सुरू होईल. सात मजली इमारत, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. मल्हारराव होळकरांच्या काळात, १७४७ मध्ये, काम सुरू झालं असं मानतात. आपल्याला वाटतं की राजा आला, वाडा बांधला, मग भोवती बाजार बसला. इंदूरमध्ये क्रम उलटा आहे. इथले जमीनदार राव नंदलाल चौधरी यांनी १७१६ मध्ये मोगलांकडून करमाफीची सनद मिळवली. व्यापाऱ्याला कुठे जायला आवडणार? जिथे जकात कमी तिथे. शिवाय उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन यांच्यामधली वाट माळव्यातूनच जायची. होळकर त्यानंतर आले. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर मिळाली, त्यात इंदूर होतं. म्हणजे बाजार आधी, दरबार मागून.

आणि दरबार टिकून राहिला असंही नाही. १७६७ मध्ये अहिल्याबाईंनी कारभार नर्मदेकाठी महेश्वरला नेला. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने, सर्जेराव घाटग्यांच्या हाताखाली, इंदूर लुटलं आणि राजवाडाही जाळला. पुढे डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकर इंग्रजांकडून हरले, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, आणि त्यानंतर कुठे इंदूर पक्की राजधानी झालं. या सगळ्या शंभर वर्षांत राजे आले-गेले, पण बाजार तिथेच होता.

१८१८ नंतर जे झालं ते मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. होळकरांचे दिवाण होते तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे. इंदूरचं किबे कंपाउंड याच घराण्याच्या नावाचं. लढाई हरलेलं राज्य, तिजोरी रिकामी, आणि दिवाण असा माणूस जो स्वतः सावकारी आणि व्यापार जाणणारा. राजवाड्याच्या मागची सराफ्याची गल्ली समजून घ्यायची तर हे लक्षात ठेवा, कारण तेव्हाचा सराफ म्हणजे फक्त दागिने विकणारा नव्हे. त्या वेळी एकाच बाजारात वेगवेगळ्या टाकसाळींचे रुपये फिरायचे आणि प्रत्येकाचं वजन आणि कस वेगळा. कुठला रुपया कितीला घ्यायचा हे सराफ ठरवायचा. हुंडीही तोच लिहायचा. इथे पैसे भरा, चिठ्ठी घ्या, दुसऱ्या गावात त्या पेढीच्या आडत्याकडून पैसे उचला. यूपीआयशी तुलना करायचा मोह होतोय, पण नको. यूपीआयला तुमच्या आजोबांची पत माहीत नसते, हुंडीवाल्याला असायची.

आणि या पेढ्यांमधून कशाचा पैसा फिरत होता? मोठा वाटा अफूचा. माळव्याची अफू चीनला जायची, मुंबईच्या बंदरातून. ईस्ट इंडिया कंपनीला ती अडवायची होती, कारण तिची स्वतःची बंगालची अफू होती. पण माळव्यातले व्यापारी माल दुसऱ्या वाटेने, पोर्तुगीजांच्या दमणमार्गे, काढत राहिले. शेवटी १८३०च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि परवाना-शुल्क भरून माल मुंबईला नेऊ द्यायला सुरुवात केली. जे. जे. हॉस्पिटल ज्यांच्या नावाने आहे ते सर जमशेटजी जीजीभॉय याच माळव्याच्या अफूच्या व्यापारात मोठे झाले. मुंबई आणि इंदूर यांचं नातं अवंतिकापेक्षा बरंच जुनं आहे, आणि तेवढं सोज्वळ नाही.

पुढे याच बाजारातून सर हुकुमचंद निघाले. अफू आणि कापूस यांच्या सट्ट्यात प्रचंड पैसा केला, मग गिरण्या काढल्या. सराफ्यापासून चालत पाच-दहा मिनिटांवर इतवारिया बाजारात त्यांचं काचमंदिर आहे. जैन मंदिर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, भिंती, खांब, छत सगळं काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं. शनिवारी सकाळी हे बघा. आणि बघताना त्यांच्या नावाची गिरणी आठवा. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांना थकलेल्या पैशाचा निकाल मिळायला डिसेंबर २०२३ उजाडलं. २२४ कोटींची रक्कम, बत्तीस वर्षांनी. तोवर त्यातले कितीतरी जण वारले होते.

आता सराफ्याकडे या, पण दिवसा. माझं ऐकाल तर संध्याकाळी सहाच्या आधी एक फेरी माराच. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दागिन्यांची दुकानं, वरच्या मजल्यांवर कारागीर. आसपासच्या गल्ल्यांची नावं वाचत चला: बर्तन बाजार, कसेरा बाजार, बजाजखाना, मारोठिया. पुण्यातल्या तांबट आळीसारखंच, धंद्यावरून गल्ली. मग जेवायला न जाता (पोट राखून ठेवा) आठ-नऊच्या सुमारास परत या. शटर खाली आलेली असतात आणि त्यांच्याच पायऱ्यांसमोर कढया, परातींचे ढीग, पिवळे दिवे. तीच गल्ली, पण कोणी वेगळीच लोकं चालवताहेत. आमच्या भाषेत याला टाइम-शेअरिंग म्हणतात: मशीन एक, वापरणारे दोन, आणि दोघांना वाटतं ते आपलंच आहे.

हे कसं सुरू झालं? तिथे कोणालाही विचारा, एकच गोष्ट सांगतील. सराफांनीच खाऊवाल्यांना बसू दिलं, कारण रात्री गर्दी असली की चोर येत नाहीत. ऐकायला मस्त आहे. मला ती अर्धी पटते. सोन्याच्या गल्लीत रात्री जाग असणं कोणत्याही सराफाला हवंच असणार. पण गिऱ्हाईक कुठून आलं? उशिरापर्यंत वह्या लिहिणारे मुनीम, कारागीर, सट्ट्याच्या भावाकडे कान लावून बसलेले लोक, आणि गिरण्यांच्या पाळ्या. रात्री जागणारं शहर आधी असावं लागतं, तरच रात्री विकणारा येतो. हा माझा तर्क आहे, पण मुंबईत गिरणगावातल्या खानावळी बघितल्या की तो बळकट होतो.

वाद इथेच आहे. आता सराफांमधल्याच अनेकांना चौपाटी नकोशी झालीय. म्हणणं असं: दुकानं लवकर बंद करावी लागतात, गर्दी वाढली, आणि दोन माणसं धड चालू शकत नाहीत अशा गल्लीत गॅस सिलिंडरच्या रांगा. आग लागली तर बंब कुठून आणणार? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच. दुसऱ्या बाजूला, ज्यांच्या दोन-तीन पिढ्या त्या एका पायरीसमोर उभ्या राहिल्या त्यांना 'दुसरीकडे जागा देतो' म्हणणं म्हणजे धंदा बंद कर म्हणण्यासारखंच. महापालिकेने मधला मार्ग काढायचा प्रयत्न केलाय: दुकानांची संख्या कमी करायची आणि फक्त पारंपरिक पदार्थ ठेवायचे, चायनीज-मोमो वगैरे बाहेर.

पारंपरिक! इथे माझ्यातला इतिहासवाला जागा होतो. सराफ्यातला सगळ्यात इंदुरी पदार्थ कुठला? भुट्टे का कीस. मक्याचं कणीस किसून तुपावर परतायचं, दुधात शिजवायचं, वरून खोबरं-कोथिंबीर. मका अमेरिकेतला. पोर्तुगीज येण्याआधी माळव्यात कोणी बघितला नव्हता. बटाटा तिथलाच, मिरची तिथलीच. साबुदाण्याची खिचडी घ्या, उपासाची, म्हणजे किती सोवळी! साबुदाणा ज्या टॅपिओका कंदापासून बनतो तोही दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमला १९४०च्या दशकात उभे राहिले. म्हणजे गराडू आणि दहीवडा सोडला तर पारंपरिकची यादी तशी बरीच छोटी होईल. मला मोमोंचं प्रेम नाही, पण 'तुझी परंपरा नाही' म्हणून कोणाची गाडी हलवायची असेल तर निदान कारण सिलिंडरचं द्या, मक्याच्या गावात परंपरेचं नको.

पोह्यांचंही तेच. 'होळकरांबरोबर महाराष्ट्रातून आले' हे आपल्याला ऐकायला गोड वाटतं. असेलही. पण इंदुरी पोहे आता आपले राहिलेले नाहीत. गरम पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले, किंचित गोडसर, वरून शेव, कच्चा कांदा आणि जीरावण नावाचा मसाला, शेजारी जिलबी. आपल्या आत्याने खाल्ले तर म्हणेल, 'अगं, खोबरं विसरलीस वाटतं.' आणि मग दुसरी प्लेट घेईल.

खरेदीचं थोडक्यात. कापडासाठी महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, लोक एम. टी. क्लॉथ मार्केट म्हणतात, आणि साड्या-लेहंग्यांसाठी शीतलामाता बाजार. माहेश्वरी साडी घेणार असाल तर काठ दोन्ही बाजूंनी बघा, खऱ्या माहेश्वरीचा काठ उलटसुलट नेसता येतो. हे विणकाम महेश्वरला अहिल्याबाईंनी विणकर बोलावून वसवलं, आणि विसाव्या शतकात मरायला टेकलेलं असताना १९७०च्या दशकाच्या शेवटी रिचर्ड आणि सॅली होळकर यांच्या रेहवा सोसायटीने त्याला पुन्हा उभं केलं. महेश्वर इंदूरपासून साधारण ९० किलोमीटर. रविवारी सकाळी लवकर निघालात तर साडी थेट मागावरून घेता येईल आणि घाटही बघून होईल.

'पण नाइटलाइफ म्हणजे पब ना?' असं विचारणाऱ्यांसाठी. सप्टेंबर २०२२ मध्ये इंदूरने बीआरटीएसच्या रस्त्यावर, सुमारे साडेअकरा किलोमीटर, चोवीस तास दुकानं-ऑफिसं उघडी ठेवायची परवानगी दिली. आयटीवाल्या पोरापोरींसाठी, म्हणजे आपल्यासारख्यांसाठी. दारू पिऊन भांडणं, पोलिसांकडे तक्रारी, आणि दोन वर्षं व्हायच्या आत, जुलै २०२४ मध्ये, परवानगी मागे. वरून आदेश काढून बनवलेली रात्र दोन वर्षंही टिकली नाही. सराफ्यात कोणी आदेश काढला नव्हता. तिथे प्रत्येक पायरीवर दुकानदार आणि खाऊवाला यांची एकमेकांना ओळख होती, आणि भांडण झालं तर सकाळी त्याच माणसाचं तोंड बघायचं होतं. ती ओळख पातळ झाली म्हणूनच आज वाद आहे असं मला वाटतं. नुसता नकाशा बदलून तो सुटणार नाही.

तर प्लॅन असा. शनिवारी सकाळी पोहे-जिलबी, मग राजवाडा, काचमंदिर, दुपारी कापड बाजार, संध्याकाळी सराफा उजेडात, रात्री सराफा अंधारात. खाण्यात भुट्टे का कीस आधी, कारण ते भरल्या पोटी जात नाही. जोशींचा दहीवडा घ्या, द्रोण हवेत उडवून झेलण्याचा खेळ आता मोबाईल वर धरणाऱ्यांमुळे जरा लांबतो, रांगेत धीर धरा. गराडू म्हणजे तळलेला कंद, तो फक्त थंडीत मिळतो, म्हणून जमलं तर डिसेंबर-जानेवारीत जा. जिलेबा एकट्याने घेऊ नका, चौघांत एक पुरतो. सिलिंडरच्या शेजारी रेंगाळू नका, लहान मुलं बरोबर असतील तर अकराच्या आत उरका. आणि खाऊन झाल्यावर लगेच पळू नका. दोनच्या सुमारास कढया उतरतात, मग महापालिकेचे सफाई कामगार येतात. २०१७ पासून सलग कितीतरी वर्षं देशातलं पहिल्या नंबरचं स्वच्छ शहर म्हणतात ना, ते हेच लोक, याच वेळी. त्यांचं झालं की गल्ली पुन्हा सराफांची.