सोरायसिस : कातडीचा हिशेब, मनाची उशिरा नोंद

सोरायसिस शिवल्याने पसरत नाही. तरीही या रोगाच्या माणसांना शतकानुशतके सांसर्गिक रोग्यासारखेच दूर ठेवले गेले. त्यांच्या मानसिक त्रासाचा इतिहास या गैरसमजापासून सुरू होतो. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी 'एककुष्ठा'त घाम येत नाही, चट्टे मोठ्या भागावर पसरतात आणि त्वचा माशाच्या खवल्यांसारखी दिसते. आजचे बरेच वैद्य हे वर्णन सोरायसिसशी जुळवतात. त्याच संहितेत कुष्ठाच्या कारणांमध्ये विरुद्ध आहाराच्या जोडीला पापकर्मही येते. अंगावर चट्टे उठले की माणसाच्या चारित्र्याकडेही बोट दाखवण्याची सोय त्यातून झाली.

युरोपातला घोळ निराळ्या वाटेने झाला. ग्रीक वैद्य 'लेप्रा' हे नाव खवले धरणाऱ्या त्वचाविकारांना देत. पुढे तेच नाव महारोगाला चिकटले आणि दोन्ही रोगांची दहशत एक झाली. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी १८०८ च्या ग्रंथात सोरायसिसचे नेमके वर्णन केले खरे, पण त्याच्या गोल चट्ट्यांच्या प्रकाराला त्यांनीही 'लेप्रा'च म्हटले. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ मध्ये हे नाव काढून टाकले आणि दोन्ही वर्णने एकाच रोगाची असल्याचे ठरवले. महारोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांना १८७३ मध्ये सापडला. शास्त्रापुरता प्रश्न तिथे मिटला. लोकांच्या मनातून मात्र तो गेला नाही. पाठीवरचे पांढरे पापुद्रे पाहून 'हे लागट तर नाही ना?' असे विचारणारे आजही भेटतात.

उपचारांच्या इतिहासात गोवा आणि मुंबई अनपेक्षितपणे येतात. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातील भेगांत एक पिवळी पूड साठते. हवा लागली की ती काळपट होते, आणि ती खरवडून काढणाऱ्या मजुरांचे डोळे व तोंड सुजते. पोर्तुगीज व्यापारातून ही पूड गोव्यात आली आणि गजकर्ण-नायट्यावरचे औषध म्हणून 'गोवा पावडर' या नावाने पश्चिम किनाऱ्यावर खपू लागली. मुंबईतील केम्प नावाच्या औषधविक्रेत्याने १८६४ मध्ये तिची माहिती इंग्लंडमध्ये छापून आणली. तिचे मूळ ब्राझीलमध्ये असल्याचे बाहियाच्या दा सिल्वा लिमा यांनी पुढे दाखवून दिले. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमानो स्क्वायर यांना १८७६ च्या सुमारास असे आढळले, की नायटा समजून ही पूड लावली तर सोरायसिसचे चट्टे उतरतात. त्यातून क्रायसारोबिनचे मलम आले. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीला मिळेना, तेव्हा तिथे त्याला पर्याय म्हणून डिथ्रानॉल तयार झाले. १९१६ मध्ये गालेव्स्की आणि उन्ना यांनी ते वापरात आणले.

औषध गुणकारी होते, पण स्वतःची खूण मागे ठेवणारे. लीड्सच्या जॉन इंग्रॅम यांनी १९५३ मध्ये मांडलेली पद्धत पुढे अनेक रुग्णालयांत चालली. रुग्ण आधी डांबर घातलेल्या पाण्यात स्नान करी, मग अतिनील किरण घेई. नंतर परिचारिका घट्ट डिथ्रानॉल पेस्ट नेमकी चट्ट्यांवरच लावी, कारण निरोगी कातडीला लागली तर ती भाजे. वरून पावडर आणि जाळीदार पट्टी. दुसऱ्या दिवशी सगळे पुसून पुन्हा तेच, आणि असे कित्येक आठवडे. चट्टा जाई तिथे काही दिवस तपकिरी डाग उरे. चादरी, बनियन, न्हाणीघराच्या कडा जांभळट होत त्या कायमच्या. डांबराचा वास वेगळाच. रोग लपवू पाहणाऱ्या माणसाला औषधच उघडे पाडत असे, आणि वैद्यकाच्या नोंदींत या लाजेसाठी रकानाच नव्हता.

सांधेदुखीची कथा याहून उशिराची आहे. फ्रान्सच्या आलिबेअर यांनी १८१८ मध्येच सोरायसिस आणि सांध्यांचा संबंध नोंदवला होता. तरी हा विकार दीर्घकाळ संधिवाताच्या सर्वसाधारण गाठोड्यात राहिला. अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९६४ मध्ये त्याला स्वतंत्र स्थान दिले, आणि १९७३ मध्ये मोल आणि राइट यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले. इथे कातडी लोकांना दिसते, सांध्यांतली वेदना दिसत नाही. हे दोन्ही एकाच माणसाने सोसायचे. ब्रिटिश नाटककार डेनिस पॉटर यांना हाच आजार होता. बोटे आखडल्यामुळे मुठीला लेखणी बांधून ते लिहीत. 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह' ही त्यांची मालिका १९८६ मध्ये बीबीसीवर आली. तिचा नायक याच रोगाने रुग्णालयात खिळलेला, संतापी आणि विखारी आहे. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकी लेखक जॉन अपडाइक यांनी आपल्या त्वचेशी चाललेल्या झगड्यावर 'न्यू यॉर्कर'मध्ये लिहिले होते. या मानसिक त्रासाला डॉक्टरांच्या आधी लेखकांनीच नीट शब्द दिले, असे म्हणायला जागा आहे.

डॉक्टरांकडे तोवर कातडीचा हिशेब होता. १९७८ मध्ये आलेली 'पासी' मोजपट्टी डोके, हात, धड आणि पाय यांवरची लाली, जाडी, पापुद्रे आणि व्याप मोजते आणि शून्य ते बहात्तर असे गुण देते. रुग्ण पोहायला जातो का, पूर्ण बाह्यांचाच सदरा का घालतो, हे तिला कळत नाही. वेल्समधील कार्डिफचे अँड्र्यू फिनले यांनी १९८७ मध्ये सोरायसिसमुळे येणाऱ्या अडचणींची प्रश्नावली केली आणि १९९४ मध्ये खान यांच्यासह सर्वच त्वचारोगांसाठी दहा प्रश्नांची 'डीएलक्यूआय' दिली. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे किती संकोच वाटला, कपडे निवडताना काय झाले, जोडीदाराशी संबंधांत काय अडले, असे साधे प्रश्न, तीसपैकी गुण. याच फिनले यांनी २००५ मध्ये 'दहाचा नियम' सुचवला : दहा टक्क्यांहून अधिक त्वचा बाधित, 'पासी' दहाच्या वर किंवा 'डीएलक्यूआय' दहाच्या वर, यांतले एक असले तरी रोग तीव्र समजावा. जीवनमान पहिल्यांदाच कातडीच्या बरोबरीला आले.

नंतर आकडेही आले. ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींवर आधारलेल्या २०१० च्या मोठ्या अभ्यासात सोरायसिस असलेल्यांत नैराश्याचे निदान होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ३९ टक्क्यांनी, तर चिंताविकाराचा ३१ टक्क्यांनी अधिक आढळला. कारण केवळ लोकांच्या नजरेत नसावे, अशीही चिन्हे होती. दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या घटकाला अडवणाऱ्या इटानरसेप्ट या औषधाच्या २००६ मधील चाचणीत रुग्णांची नैराश्याची लक्षणेही कमी झाली होती. उलट सोरायसिसवरच्याच ब्रोडालुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली ती आत्महत्येच्या विचारांबाबतच्या इशाऱ्यासह. दरम्यान ब्रिटनच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी रोगाचा मनावर व सामाजिक जीवनावर होणारा परिणाम तपासणे आणि सांध्यांची दरवर्षी चौकशी करणे हा उपचाराचाच भाग ठरवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४ च्या ठरावात सोरायसिसला दीर्घकालीन, वेदनादायक आणि असांसर्गिक रोग म्हटले, आणि २०१६ च्या अहवालात रुग्णांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीची स्वतंत्र दखल घेतली.