तळटीप : घोट्यावरची न भरणारी जखम

* दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातून ऊसतोडीच्या जोड्या, म्हणजे ‘कोयते’, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. अशाच एका ऊसतोड मजुराच्या पायावरची, लेखकाने वर्णिलेली जखम घोट्याच्या आतल्या बाजूला, किंचित वर आहे. भोवतालची कातडी काळपट, ताठर. जागा आणि रंग पाहता ती पाचटाने कापल्याची साधी जखम नसावी.

धमन्यांतले रक्त हृदयाच्या जोरावर पायात उतरते. परत वर ढकलायचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात, आणि नीलांमधल्या झडपा ते मागे घसरू देत नाहीत. या झडपांचे वर्णन पादुआच्या फॅब्रिशियसने १६०३ मध्ये छापले. त्यांचा खरा उपयोग उलगडला तो त्याचा शिष्य हार्वे याने, १६२८ मध्ये. उभ्या माणसाच्या पावलातल्या नीलेत सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालताना तो बराच उतरतो. झडपा निकामी असतील तर पुरेसा उतरत नाही. मग तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, त्यांतल्या लोहाने कातडी काळवंडते आणि साधा ओरखडाही महिनोन्‌महिने चिघळतो.

तासन्‌तास उभे राहणे, वारंवारची बाळंतपणे ही ओळखीची कारणे.

उपचारात मलमापेक्षा पावलापासून गुडघ्याखालपर्यंतची घट्ट पट्टी मोलाची. मात्र आधी पायाची नाडी तपासलीच पाहिजे. धमनी अरुंद असेल तर तीच पट्टी पाय घालवू शकते. झोपताना खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवाव्यात, असेही सांगतात. फडावरच्या कोपीत खाट असते कुठे, हा प्रश्न वेगळा. — संपादक