जमखंडीची पिवळी रेषा आणि शनीच्या पोटातला पाऊस

१/ १८ ऑगस्ट १८६८. श्रावणातली अमावास्या. त्या सकाळी चंद्राची गडद सावली कोकण किनाऱ्यावरून दख्खनात शिरली आणि विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा प्रवास करीत बंगालच्या उपसागरात उतरली. आमच्या मोहोळपासून विजापूर सरळ रेषेत दक्षिणेला सुमारे ११० किलोमीटर. मोहोळच्या आकाशातही त्या सकाळी सूर्याची जेमतेम कोर उरली असणार.

२/ या ग्रहणाची एक गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: नॉर्मन लॉकयर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण पाहिले आणि तिथे हेलियमचा शोध लावला. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. आजचा थ्रेड या हेलियमचा आहे. त्याचा शेवट होईल शनी ग्रहाच्या पोटात.

३/ प्रथम पार्श्वभूमी. १८६० च्या सुमारास किरखोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले होते की प्रत्येक मूलद्रव्य तापले की प्रकाशाच्या ठरावीक रेषा देते. सोडियमच्या रेषा पिवळ्या. म्हणजे दूरच्या ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पाहिला तर त्यातली द्रव्ये ओळखता येतात. खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला उघड्या पडतात. १८६८ चे ग्रहण हे या नव्या विद्येसाठी चालून आलेली पर्वणी होते.

४/ म्हणून दख्खनात दुर्बिणी येऊन थांबल्या. विजापूरजवळ जर्मन निरीक्षकांची तुकडी होती, गुंटूरला फ्रान्सचा पिएर जान्सेन आणि इंग्रजांचा मेजर टेनंट, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉग्सन. आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात रॉयल सोसायटीची उपकरणे घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल.

५/ हर्शेल हे आडनाव ओळखीचे वाटले ना? १७८१ मध्ये युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. आजोबांनी एक महाकाय ग्रह शोधला, आणि नातू जमखंडीच्या पावसाळी ढगांतून सूर्याच्या ज्वालांकडे डोळे लावून बसला होता. ढगांच्या फटीतून त्याला तीन तेजस्वी रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी-पिवळी आणि निळी.

६/ पिवळ्या रेषेबद्दल हर्शेलने निःशंकपणे नोंदवले की ती सोडियमचीच आहे. इतरांनीही साधारण तसेच मानले. पॉग्सनने मात्र ‘सोडियमच्या जागी किंवा तिच्या जवळ’ अशी सावध नोंद केली. ‘जवळ’ या एका शब्दात पुढचा सगळा इतिहास दडला होता.

७/ गुंटूरला जान्सेनला वेगळीच कल्पना सुचली. रेषा इतक्या तेजस्वी आहेत, तर ग्रहण सुटल्यावरही त्या दिसायला हव्यात! दुसऱ्या दिवशी त्याने त्या भर उन्हात पाहिल्या. सौरज्वालांच्या अभ्यासासाठी आता ग्रहणाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. त्या पिवळ्या रेषेला नवे मूलद्रव्य मात्र त्यानेही म्हटले नाही.

८/ मग लॉकयर कुठे होता? इंग्लंडमध्येच. त्याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी तिथूनच, ग्रहणाविना, स्वतंत्रपणे त्याच रेषा पाहिल्या. त्याचे आणि जान्सेनचे वृत्त पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आले. पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले.

९/ लॉकयर भारतात आला तो १८७१ च्या डिसेंबरातल्या ग्रहणासाठी, आणि तेव्हा त्याने खरोखरच पश्चिम किनाऱ्यावरच्या एका किल्ल्यातून ग्रहण पाहिले. पण तो किल्ला केरळातला बेकल. हेलियमची रेषा तोवर त्याला तीन वर्षे परिचित होती. विजयदुर्गच्या कथेत या दोन ग्रहणांची सरमिसळ झालेली दिसते.

१०/ लॉकयरचे खरे श्रेय मोजमापात आहे. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात. सूर्यातली पिवळी रेषा ५८७.६ वर होती. फरक एवढासाच! पण तो दर वेळी तेवढाच येत होता आणि प्रयोगशाळेतल्या कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळत नव्हता. म्हणून हे नवे द्रव्य. सूर्याच्या ग्रीक नावावरून ते झाले ‘हेलियम’.

११/ नावाची ठेवण सोडियमसारख्या धातूंची आहे, कारण हा वायू आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. अनेक शास्त्रज्ञांनी तर ही कल्पनाच हसण्यावारी नेली. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅम्झे याने युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा पाहिली. सूर्यात दिसलेले द्रव्य पृथ्वीवर हाती यायला सत्तावीस वर्षे लागली.

१२/ आता गुरू आणि शनीकडे वळू. हे दोन्ही ग्रह मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचेच बनलेले आहेत. त्यांना आपल्यासारखी जमीन नाही. खाली जावे तसा दाब वाढत जातो. १९३५ मध्ये विग्नर आणि हंटिंग्टन यांनी भाकीत केले की प्रचंड दाबाखाली हायड्रोजन धातूसारखा वागेल. १९९६ मध्ये अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुमारे १४ लाख वातावरणांच्या दाबाखाली द्रव हायड्रोजनमधून क्षणभर धातूप्रमाणे वीज वाहिली.

१३/ गुरूच्या पोटात अशा धातुरूप हायड्रोजनचा अथांग समुद्र आहे. त्याच्या बलाढ्य चुंबकीय क्षेत्राचा उगम तिथेच. पण शनीने शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले. सूर्याकडून मिळते त्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा तो बाहेर टाकतो. जन्मापासून तो नुसता निवत आला असता, तर आज इतका उबदार राहायला नको होता.

१४/ १९७० च्या दशकात एडविन सॉल्पीटर आणि डेव्हिड स्टीव्हन्सन यांनी उत्तर सुचवले. ग्रह निवतो तसे धातुरूप हायड्रोजनमध्ये हेलियम विरघळेनासे होते. मग पाण्यातून तेल वेगळे व्हावे तसे त्याचे थेंब वेगळे होतात आणि जड असल्यामुळे खोल कोसळतात. हाच हेलियमचा पाऊस. पडता पडता तो उष्णता निर्माण करतो. शनी गुरूहून लहान, म्हणून लवकर निवला आणि तिथे हा पाऊस अधिक काळ पडतो आहे.

१५/ पुरावा? ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाची कुपी गुरूच्या ढगांत शिरली आणि सुमारे ५८ मिनिटे संदेश पाठवत राहिली. सूर्यमाला ज्या तेजोमेघातून जन्मली त्यात वजनाने सुमारे २७ टक्के हेलियम होते. गुरूच्या वरच्या थरांत भरले २३ ते २४ टक्केच. निऑन तर सूर्याच्या तुलनेत दहाव्या हिश्श्याइतका!

१६/ निऑन कुठे गेला? तो हेलियमच्या थेंबांत सहज विरघळतो, हे २०१० मध्ये संगणकी गणिताने दाखवले. म्हणजे पावसाने जाताना निऑनही धुऊन नेला. २०२१ मध्ये हिऱ्यांच्या चिमट्यात दाबलेल्या हायड्रोजन-हेलियमच्या मिश्रणावर शक्तिशाली लेसरचा मारा केला, तेव्हा हे दोन्ही वायू वेगळे होण्याच्या खुणा प्रत्यक्ष प्रयोगात मिळाल्या.

१७/ या इतिहासात दोनदा एकच गोष्ट घडली. १८६८ मध्ये रेषा दीड-दोन नॅनोमीटर सरकलेली होती, १९९५ मध्ये हेलियम तीन-चार टक्के कमी भरला. दोन्ही वेळा ‘चालायचेच’ म्हणून सोडून देता आले असते. ज्यांनी सोडले नाही त्यांना एकदा नवे मूलद्रव्य गवसले आणि एकदा कधीही न दिसणाऱ्या पावसाचा पुरावा.

१८/ मग आपल्या इतिहासाला वेगळा न्याय का? विजयदुर्गाचे मोठेपण मराठ्यांच्या आरमाराने सिद्ध केले आहे, त्याला लॉकयरच्या खोट्या हजेरीची गरज नाही. उलट जमखंडीची खरी हकिकत आपल्याला फारशी ठाऊकच नाही. हेलियम दिन जरूर साजरा करावा. फक्त त्या दिवशी सांगावे की ती रेषा दख्खनच्या आकाशात अनेकांना दिसली, आणि ओळखली गेली ती नंतर, काटेकोर मोजमापाने.

१९/ पुढच्या वेळी रात्री शनी दिसला की क्षणभर थांबा. त्याच्या उबेत ज्या पावसाचा वाटा आहे, त्या पावसाच्या द्रव्याची पहिली खूण आपल्याच मुलखात, श्रावणातल्या ढगांच्या फटीतून दिसली होती. थ्रेड समाप्त.