धर्माची गादी आणि मनाचं सुख

मंडळी, आम्हा शाळामास्तरांचं एक बरं असतं. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली की शाल, नारळ, दोन-चार भाषणं आणि चहा-फरसाण. दुसऱ्या दिवसापासून घंटा वाजली तरी आपण घाई करायचं कारण नाही. मुलं रस्त्यात भेटली की 'नमस्कार बाई' म्हणतात, तेवढा मान पुरतो. धर्माच्या क्षेत्रात मात्र असा निरोप समारंभ सहसा होत नाही. गादीवर बसलेला माणूस शेवटच्या श्वासापर्यंत गादीवरच.

कॅथलिकांचे पोप सोळावे बेनेडिक्ट २०१३ साली आपणहून पायउतार झाले, तेव्हा साऱ्या जगाला केवढं नवल वाटलं होतं! स्वखुशीने पद सोडणारे त्यांच्याआधीचे पोप म्हणजे पाचवे सेलेस्टीन, आणि ते साल होतं १२९४. म्हणजे मध्ये सातशेहून जास्त वर्षं गेली. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाची रीत तर अधिकच मजेशीर आहे. त्यांच्या गावपातळीवरच्या बिशपला पगार नसतो. तो आपली नोकरी किंवा धंदा सांभाळून साधारण पाच वर्षं काम बघतो आणि मग पुन्हा चारचौघांत जाऊन बसतो. पण पंथाचा सर्वोच्च अध्यक्ष मात्र मरेपर्यंत अध्यक्ष. रसेल नेल्सन हे मूळचे हृदयशल्यविशारद. ते २०१८ मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी अध्यक्ष झाले आणि २०२५ मध्ये, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, त्या पदावर असतानाच वारले. त्यांच्या जागी आलेले डॅलिन ओक्स हेही तेव्हा त्र्याण्णव वर्षांचेच होते!

हे वाचल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न घोळतो आहे. जन्मभर हजारो लोक ज्यांच्या पायावर डोकं ठेवतात, ती माणसं स्वतः सुखी असतात का? मला समाधीतलं वगैरे ब्रह्मानंदाचं सुख विचारायचं नाही, त्यातलं मला कळत नाही. मी विचारते आहे ते साधं सुख. रात्री पाठ टेकली की झोप लागते का, आणि घरातली माणसं समाधानी आहेत का, एवढंच.

उत्तर शोधायला अमेरिकेत जायला नको. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याशी संबंध असलेले दोन थोर पुरुष यासाठी पुरेसे आहेत. दोघांचेही कागद उपलब्ध आहेत, त्यामुळे निव्वळ दंतकथांवर अवलंबून राहावं लागत नाही.

पहिले ब्रह्मेंद्रस्वामी. मुंबई-गोवा रस्त्यावर चिपळूणच्या अलीकडे परशुरामाचं देऊळ लागतं. तिथून खाली वाशिष्ठीचं खोरं काय सुंदर दिसतं! ते देऊळ नावारूपाला आणलं ते या स्वामींनी. त्यांचं मूळ नाव विष्णू, आडनाव भागवत, जन्म वऱ्हाडातला, सुमारे १६४९ चा. काशीला जाऊन संन्यास घेतला आणि फिरत फिरत परशुरामाच्या रानात येऊन तप करू लागले. हळूहळू कीर्ती पसरली. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट, म्हणजे पुढचे पेशवे, त्यांचे भक्त. कान्होजी आंग्रे भक्त. विशेष म्हणजे जंजिऱ्याचा सिद्दीसुद्धा त्यांना मानत असे. पेढे आणि आंबडस ही गावं देवस्थानाला सिद्दीकडूनच मिळाली. एकमेकांशी हाडवैर असलेले लोक एकाच संन्याशापुढे वाकत होते. याहून मोठं धर्मपद ते काय असणार?

आणि मग मध्ये आला एक हत्ती! सावनूरच्या नबाबाकडचा हत्ती स्वामींच्या माणसांबरोबर कोकणात येत होता, तो वाटेत आंग्र्यांच्या लोकांनी धरला. हे स्वामींनीच घडवून आणलं असा अंजनवेलचा अंमलदार सिद्दी सात याचा ग्रह झाला. १७२७ साली महाशिवरात्रीच्या सुमारास त्याने परशुरामावर हल्ला करून देवस्थान लुटलं. पुढे लुटलेला ऐवज बराचसा परत मिळाला, पण स्वामींचं मन काही परत आलं नाही. कान्होजींनी पुष्कळ विनवलं, तरी ते कोकण सोडून घाटावर गेले आणि साताऱ्याजवळ धावडशीला राहिले.

आता बघा हं. शाहू महाराज त्यांना गुरू मानतात. बाजीराव आणि चिमाजीआप्पा त्यांना विचारल्याशिवाय मोहिमेवर निघत नाहीत. १७३९ मध्ये वसई घेतल्यावर चिमाजीआप्पा लढाईची हकीकत त्यांना पत्राने कळवतात. अशा माणसाला काय कमी? पण त्यांचा पत्रव्यवहार उघडला की वेगळंच चित्र दिसतं. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी स्वामींचं चरित्र लिहिलं आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्यांची पत्रं छापली, त्यालाही आता सव्वाशे वर्षं होत आली. पारसनीसांना स्वामी हे स्वराज्याचे मार्गदर्शक वाटले. राजवाड्यांनी मात्र फार कडक टीका केली. दोघांचे चष्मे वेगळे, कागद तेच. त्या कागदांत उपदेश थोडा आहे आणि हिशेब फार. अमक्याने एवढी रक्कम द्यायची आहे, तमक्याने कबूल केलेली वस्तू पाठवली नाही, फलाणा दर्शनाला आला नाही. स्वामी सावकारीही करत, अगदी व्याजाने. कर्जाखाली दबलेल्या बाजीरावांनी आपली दैना ज्यांना कळवली, त्यांत हे स्वामी आहेत. पैसा त्यांनी स्वतःच्या चैनीत घालवला असं कोणी म्हणत नाही. देवळं, तळी, विहिरी यांवरच तो खर्च झाला. पण देणं थकलं की रागावणं, रुसणं आणि शापाची धास्ती घालणं, हेही त्या कागदांत आहेच.

सिद्दी सातचा सल तर त्यांना नऊ वर्षं होता. जंजिऱ्यावर मोहीम झाली १७३३ मध्ये, त्यामागे स्वामींचा तगादा होता. १७३६ मध्ये चिमाजीआप्पांच्या फौजेशी लढताना सिद्दी सात मारला गेला. बदला पुरा झाला! मग तरी स्वामी निवांत झाले का? पत्रं तर चालूच राहिली. आंग्रे बंधूंची भाऊबंदकी मिटवायचा खटाटोप चालू राहिला. १७४० च्या एप्रिलमध्ये बाजीराव गेले आणि डिसेंबरात चिमाजीआप्पा. अंगाखांद्यावर वाढावीत तशी ही पोरं, आणि ती म्हाताऱ्याच्या आधी गेली. त्यानंतर पाच वर्षांनी, १७४५ मध्ये, धावडशीला स्वामींनी देह ठेवला. तेव्हा वय शंभरीला टेकलेलं होतं. दरवर्षी श्रावणात ते महिनाभर समाधी लावून बसत असं सांगतात. मला वाटतं, वर्षातला तेवढाच एक महिना त्यांना टपाल येत नसावं!

थट्टा सोडा, पण मुद्दा तोच आहे. घर सोडलेल्या माणसाला गादीने पुन्हा घर दिलं. मुलं-बाळं नव्हती, तर सरदार आले. शेती नव्हती, तर इनाम गावं आली. जे राखायचं असतं ते जाण्याची भीतीही असते, मग अंगावर भगवं असो की धोतर.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. यांचा जन्म १८६१ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावचा. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना शाळेत शिकलो आणि मी शिकवलंही. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिक्षक, धर्मोपदेशक, १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादक. ख्रिस्ती भजनं आणि कीर्तनं त्यांनी अस्सल मराठी वळणाची केली. म्हणजे पद होतं, मान होता, पगार होता. तरी मनात सारखी तळमळ, की या साहेबी साच्यात येशू आपल्या लोकांना परका वाटतो. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला मुक्काम हलवला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. पुढे दोन वर्षंही पुरती मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले.

गंमत बघा, आपल्या जिल्ह्याशी बांधलेले हे दोघेही उतारवयात साताऱ्याच्या आसऱ्याला गेले. एकजण कोकणातलं भांडण पाठीवर घेऊन गेला, दुसरा पगाराचं ओझं उतरवून. टिळकांना ती दोन वर्षं सुखाची वाटली असतील, असं मला मनापासून वाटतं.

पण थांबा. आपण हा प्रश्न नेहमी त्या पुरुषालाच विचारतो. घरात कोणी विचारलं का? टिळकांच्या बाबतीत आपलं भाग्य असं, की घरातल्या बाईने स्वतःच लिहून ठेवलं आहे. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. नवरा धर्म बदलून गेला तेव्हा ही बाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिली. लोकांचं बोलणं ऐकलं, सोवळ्या-ओवळ्याशी झगडली, पुढे नवऱ्याकडे आली आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. टिळक भोळे, उदार आणि तापट. घरातलं असेल ते दुसऱ्याला देऊन टाकायचे आणि संध्याकाळी काय शिजवायचं ते बाईंनी बघायचं. देव त्यांना भेटला असेल, पण वाण्याचं देणं बाईंनाच भेटत असे! आणि हे सगळं त्या हसत सांगतात, हीच त्या पुस्तकाची मोठी गोष्ट. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे ६४ अध्याय लिहून पुरं केलं. ज्यांनी संसार अर्धा टाकला त्यांचं पुस्तक त्यांनी अर्धं टाकलं नाही.

इथे गाडगेबाबांची आठवण होते. त्यांनी गादी केली नाही, शिष्य केले नाहीत. गावोगावच्या धर्मशाळा उभारल्या आणि त्यांत स्वतःसाठी खोली ठेवली नाही. १९२३ मध्ये खारेपाटणला (तेव्हा ते आपल्याच जिल्ह्यात होतं) त्यांचं कीर्तन चालू असताना एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. ही गोष्ट आपण भरल्या डोळ्यांनी सांगतो आणि बाबांचा मोठेपणा वादातीत आहे. पण मला दर वेळी त्या मुलाची आई, कुंताबाई, आठवतात. त्यांच्याभोवती कीर्तनाची गर्दी नव्हती. त्यांनी ते दुःख कशाच्या आधाराने सोसलं असेल?

हे सगळं आज लिहायला एक कारण आहे. आमच्या नात्यातल्या एका हुशार मुलाने नोकरी सोडून एका संप्रदायाचं काम आजन्म करायचं ठरवलं आहे. त्याची आई मला फोनवर विचारत होती, "ताई, तू इतिहास शिकवलास, सांग ना, सुखी होईल ना गं तो?" बरेच दिवस मी तिला काही उत्तर दिलं नव्हतं. तिच्यासाठी आणि त्याच्यासाठीही, मला जे दिसतं ते इथे मांडते.

बाळा, धर्माचं काम माणसाला सुख देतं की नाही, हे पदावरून ठरत नाही. काम आवडीचं असेल तर समाधान मिळतं, जसं वर्गात फळ्यापुढे उभं राहिल्यावर आम्हालाही मिळायचं. दुःख सुरू होतं ते पद राखायला लागल्यावर. कोण आलं, कोण नाही, कोणी वाकून नमस्कार केला आणि कोणी उभ्याने, याची नोंद मनात होऊ लागली की समजावं, काम संपलं आणि गादी सुरू झाली. म्हणून आजन्म काम करायचं तर जरूर कर, पण मधूनमधून चारचौघांत जाऊन बसायची सोय ठेव. कधी नुसतं श्रोत्यांत बसून दुसऱ्याचं प्रवचन ऐक. निवृत्तीचं वय कोणी ठरवून देणार नाही, ते तूच ठरव. आणि एक हिशेब दरवर्षी घरच्यांना विचार, विशेषतः आईला. तो हिशेब कुठल्याही वहीत नसतो, पण तुझ्या सुखाची अर्धी किंमत तीच भरत असते.

वाचकहो, तुमच्या ओळखीत असं जन्मभर धर्मकार्य करणारं कोणी असेल, तर त्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं काय म्हणणं आहे, ते मला जरूर कळवा. घरच्यांचं आधी कळवलंत तरी चालेल.