खुंटी, कोनाडा आणि वन बीएचके

हुबळी-धारवाडातल्या मराठी घरांत सध्या एक शब्द सारखा कानी पडतो, ‘वन बीएचके’. केशवापूर, विद्यानगर, गोकुळ रोड, नवनगर, सप्तापूर, कुठेही पाहावे, जुन्या बैठ्या घराच्या जागी तीन-चार मजली अपार्टमेंट उभे असते. भावाभावांत वाटणी होते आणि एकेकाच्या वाट्याला एक हॉल, एक खोली, एक स्वयंपाकघर येते. मग सुताराला बोलावून मोबाईलवरची चित्रे दाखवली जातात, ‘अगदी असेच करून द्या.’ त्या चित्रांत सोफा असतो, टीव्हीची सजवलेली भिंत असते, खोली भरून उरणारा बेड असतो. म्हातारे माणूस मात्र एकाही चित्रात नसते. आजी कुठे निजणार, तिची ट्रंक कुठे राहणार आणि भाद्रपदात गणपती कुठे बसणार, हे सुतार पैसे घेऊन गेल्यावर आठवते.

लहान जागेत मोठे कुटुंब कसे राहते याचा आम्हा मंडळींना चांगला दोन पिढ्यांचा, काही घराण्यांना त्याहून जुना अनुभव आहे. तो अनुभव कुठून आला आणि मध्येच कुठे हरवला, ते इथे मांडावेसे वाटते.

आम्ही मराठी माणसे या मुलखात एकाच लाटेत आलो नाही. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजांच्या साथीने धारवाडचा किल्ला घेतला. पेशवाईच्या त्या धामधुमीत काही घराणी इकडे स्थिरावली. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. तिची मुख्य कचेरी धारवाडला होती, कारखाना हुबळीला. (आज कर्नाटक कॉलेज ज्या देखण्या इमारतीत भरते ती मूळची हीच रेल्वे कचेरी.) कारकून आले, फिटर आले, गार्ड आले. मुंबई इलाख्याची कोर्टे, कचेऱ्या आणि शाळा यांनी आणखी माणसे आणली. १ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तोवर आमची मुळे इथल्या काळ्या मातीत पक्की रुजली होती. म्हणून आमच्या कित्येक घरांत अजून कोनाड्याला गूडु, माळ्याला अट्ट, मोरीला बच्चल आणि बाहेरच्या सोप्याला पडसाले म्हणतात. घराची भाषा निम्मी कानडी झाली, कारण घरही इथल्याच पद्धतीचे होते.

ते जुने घर कसे होते? दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी जंत्या आणि त्यांवर मातीचे धाबे, पुढे कट्टा, आत पडसाले, त्याच्या आत माजघर, अंधारे देवघर, चुलीची खोली आणि कडेला बच्चल. खोल्या फार नसत. पण भिंत जाड असल्यामुळे भिंतीच्या पोटातच सामान राही. दिव्याची देवळी, पोथीचा कोनाडा, दागिन्यांचे चोरकप्पे, लोणच्याच्या बरण्यांचे फडताळ, हे सगळे भिंतीत. जमिनीवर काही येतच नसे. कपडे खुंटीवर आणि वलणीवर, दुधा-लोण्याचे शिंके आढ्याला, धान्य जमिनीखाली पेवात, म्हणजे इकडच्या भाषेत हगेवात. डब्यांना जागा नव्हती तेव्हा मडक्यांची उतरंड एका मडक्याच्या जागेत सात मडकी उभी करी. निजायच्या गाद्या सकाळी वळकटी करून एका घडवंचीवर जात आणि त्याच जमिनीवर नऊ वाजता शाळेचा अभ्यास, अकराला जेवणाची पंगत, दुपारी शेवया आणि पापड, रात्री पुन्हा गाद्या.

आमच्या मते या घराची खरी युक्ती इथेच होती. खोलीला नाव नव्हते, तिला वेळ होती. झोपायची खोली, बसायची खोली असे कुणी म्हणत नसे. घड्याळाप्रमाणे तीच जागा आपले काम बदलत असे. आजीलाही खोली नव्हती, तिचा कोपरा होता. पण त्या कोपऱ्यात तिच्या हाताला लागेल असा कोनाडा होता, जपमाळेची खुंटी होती, खिडकीचा उजेड होता आणि दारातून कोण आले-गेले ते बसल्या जागी दिसत होते. हे चार गुण आम्ही मुद्दाम मोजून सांगतो, पुढे उपयोगी पडतील.

मग आला प्लेग. मुंबईत तो १८९६ मध्ये उतरला आणि लवकरच रेल्वेच्या वाटेने आमच्या हुबळीतही पोचला. १८९८ मध्ये हुबळीत हाफकिनची प्रतिबंधक लस फार मोठ्या प्रमाणावर टोचली गेली, ती गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. प्लेगने घराकडे पाहण्याची नजर बदलली. अंधारे माजघर आता रोगट ठरले. उजेड आणि वारा हे सरकारी शब्द झाले. त्याच १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने नव्या चाळी बांधायला घेतल्या. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले, त्याच्या त्या प्रसिद्ध बीडीडी चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा २०७ इमारती. एका इमारतीत ८० खोल्या, एकेक खोली सुमारे १६० चौरस फूट, म्हणजे दहा बाय सोळा. संडास मजल्यावर सामाईक.

आमच्यापैकी कितीतरी घरांतला एखादा काका, आत्या किंवा मामा अशा चाळीत राहिलेला आहे, आणि सुट्टीत तिथे गेलेल्यांना ते घर डोळे मिटूनही आठवेल. दारातून आत आले की एका बाजूला मोरी, तिच्या कठड्यावर पिंप. समोर मांडणी, तिच्यावर चकचकीत पितळी डबे. वर पोटमाळा, त्यावर चढायला शिडी. एक लोखंडी कॉट, तिच्यावर एक जण आणि तिच्याखाली दोघे. कॉटला विटा लावून उंच करण्याची रीत चाळीतलीच. त्या चार विटांमुळे कॉटखाली ट्रंका, तांदळाचा डबा आणि रात्री दोन मुले मावत. जाड भिंती नाहीत, कोनाडे नाहीत, पेव तर नाहीच. तरीही वाड्याची युक्ती त्या दहा बाय सोळात शिल्लक राहिली, कारण ती माणसे वाड्यातूनच आली होती. उरलेला संसार गॅलरीत होई. गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो तोही याच हिशेबात बसतो: घर लहान, तर चौक मोठा.

थोडे बाहेर पाहू. १९२६ मध्ये जर्मनीत फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी एक स्वयंपाकघर आखले. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब, म्हणजे आपल्या हिशेबाने सत्तर चौरस फूट. तसली सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनची ती आजी. बाईंनी नमुना कुठला घेतला? रेल्वेच्या डायनिंग कारचा. चालत्या गाडीत दोन माणसे एवढ्याशा जागेत सुमारे शंभर लोकांचे जेवण कसे रांधतात हे त्यांनी पाहिले: प्रत्येक डब्याची जागा ठरलेली, हात लांबवला की वस्तू हाताशी. हुबळीसारख्या रेल्वेच्या गावाला हे वेगळे सांगायला नको. गार्डाच्या डब्यात एका पेटीत संसार मांडणारी माणसे आमच्यात होऊन गेली.

मग ही युक्ती हरवली कुठे? आमचा अंदाज असा की ती गरिबीने नव्हे, सुबत्तेने हरवली. १९६२ मध्ये हुबळी आणि धारवाड मिळून एक महानगरपालिका झाली, त्यानंतर नवी लेआउट पडली. तीस बाय चाळीसची साईट घ्यायची, तिच्यावर स्वतःचे घर बांधायचे, हे नोकरदार माणसाचे स्वप्न झाले. या घराला हॉल होता, बेडरूम होती. म्हणजे खोल्यांना नावे आली. नावे आल्यावर त्या नावाचे फर्निचर येणारच. हॉलला सोफा आणि शोकेस, बेडरूमला डबलबेड आणि गोदरेजचे कपाट. (गोदरेजने पोलादी कपाटे १९२३ पासूनच काढली होती, पण आमच्याकडे ती लेकीच्या लग्नाबरोबर घराघरांत शिरली.) त्या घरांत हे सारे शोभले, कारण जागा होती. अडचण अशी की आता घर पुन्हा लहान झाले आणि आम्ही तीस-चाळीसच्या साईटवरचे सामान घेऊन त्यात शिरतो.

आकडे पाहा. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहण्याची खोली किमान ९.५ चौरस मीटर हवी, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट. सहा बाय साडेसहाचा बेड ३९ चौरस फूट खातो. बिल्डर बहुधा किमान मापाच्या आसपासच थांबतो, म्हणजे खोलीचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग एका अशा वस्तूने अडवला की जी दिवसभर रिकामी पडून असते. उलट समाधानाची बाब अशी की ४०० चौरस फुटांचा फ्लॅट म्हणजे बीडीडीच्या अडीच खोल्या, आणि संडास घरातच. मात्र हे ४०० चौरस फूट कार्पेट एरियाचे आहेत ना, ते विचारून घ्यावे. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या स्पष्ट आहे: आतल्या आडभिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत.

फ्लॅट घेण्याआधी नकाशात आम्ही सर्वांत आधी एक गोष्ट पाहायला सांगू, ती रंगसंगतीच्याही आधीची आहे. बाथरूमचे दार कुठे उघडते? पुष्कळ वन बीएचकेंत एकच बाथरूम असते आणि तिचे दार बेडरूममधून असते. हॉलमध्ये निजणाऱ्या आजीला रात्री दोन वाजता उठावे लागले तर मुलगा-सुनेच्या खोलीचे दार ठोठवावे लागते. ती ठोठवत नाही. संध्याकाळपासून पाणी पिणेच कमी करते. सजावटीने हे दुखणे सुधारत नाही. भिंत अजून बांधायची असेल तर दार पॅसेजकडे वळवून घ्यावे. बांधकाम झालेले असेल आणि मधली भिंत भार वाहणारी नसेल तर जाणकाराला दाखवून तेही करता येते. खर्च सोफासेटपेक्षा कमीच येतो.

कोनाडा मात्र परत आणता येणार नाही. साडेचार इंचांच्या भिंतीत तो काढायचा कुठे? पण डोक्यावरची जागा मोकळी असते. छत नऊ फुटांवर, दाराची चौकट सात फुटांवर. मधले दोन फूट आम्ही पंख्याच्या वाऱ्याला सोडून देतो. दहा फूट भिंतीवर दोन फूट खोल माळा काढला तर चाळीस घनफूट जागा मिळते. मखर, मोठी पातेली, थंडीतल्या रजया तिथे जाव्यात. एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत कपाट करावे, पण सगळीकडे दोन फूट खोल करू नये. हँगरच्या कपड्यांना तेवढी खोली लागते. पुस्तकांना, बरण्यांना आणि औषधांना नऊ इंच पुरतात. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला कपाट लावायचे झाले तर मागे दोन इंच फट ठेवावी. आमच्याकडचा पाऊस तिकडूनच झोडपतो आणि श्रावणात रेशमी साड्यांना बुरशी येते ती याच भिंतीच्या ओलीने. बाल्कनी काचा लावून बंद करणारे पुष्कळ आहेत. आम्ही ते करणार नाही. चाळीला गॅलरीने तारले होते.

आणि हॉलमधली एक भिंत रिकामी ठेवावी. पाच फूट लांबी पुरते. तिला टीव्ही नको, शोकेस नको, खिळ्यांनी जखडलेले काहीच नको. वर्षभर तिथे भिंतीला मिटून बसणारे अभ्यासाचे टेबल असावे. रात्री टेबल मिटले की तिथे आजीची दीड फूट उंचीची, खाली खण असलेली दिवाणाची खाट सरकावी. डोक्याशी हाताला लागेल अशी एक फळी, तिच्यावर चष्मा, तांब्या आणि औषध, शेजारी दिव्याचे बटण, एक खुंटी. खिडकी आणि मुख्य दार तिथून दिसले तर वाड्यातल्या कोपऱ्याचे चारही गुण आले. भाद्रपदात त्याच भिंतीशी चौरंग मांडायचा आणि गौरी आल्या की त्याही तिथेच उभ्या करायच्या. तेवढ्या दिवसांपुरती खाट बेडरूममध्ये आणि मुले जमिनीवर गादी टाकून, जशी पूर्वी निजत तशी.

मखर घड्या पडणारे लाकडी करून घ्यावे. आमच्या सुतारांना बिजागरीचे मखर चांगले जमते, पण माप आपण द्यावे लागते. रुंदी चार फुटांच्या आत आणि घडी केल्यावर जाडी सहा इंच, तरच ते माळ्यावर चढते. राहिले जुने सामान. तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यातली कोणती हवी ते विचारावे. बहुतेक वेळा त्या एक तांब्या, एक पातेले एवढेच बोट दाखवतात. पाट टाकू नयेत. चार पाट उभे केले तर कपाटाच्या शेवटी फूटभर जागेत राहतात, सुताराला तेवढा उभा खण आधीच सांगून ठेवावा. गौरी जेवायच्या दिवशी सवाष्णी खुर्चीवर बसल्या तरी दोघीतिघी तरी जमिनीवर मांडी घालतातच, आणि पाट मागायला खालच्या मजल्यावर जावे लागत नाही.