खनिजाच्या कणातील सनावळी

जुन्या बखरीचा काळ ठरवू लागले की आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांस एक धडा फार लवकर मिळतो. मूळ मजकूर एका हाताचा, समासातील भर दुसऱ्याची, आणि शेवटचे प्रकरण तिसऱ्याच कोणी शंभर वर्षांनी जोडलेले. हे तीन हात न ओळखता त्यांच्या सनांची सरासरी काढली, तर असे एक साल हाती येते की ज्या साली कोणी एक ओळही लिहिली नव्हती. भूगर्भशास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे याच चुकीच्या तोंडाशी उभे होते. त्यांस वाट कशी सापडली, ती हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९७ साली पृथ्वीचे वय दोन ते चार कोटी वर्षांत बसवले होते. गणित चोख होते, गृहीत तेवढे चुकले होते! पुढे १९११ साली लंडनमध्ये आर्थर होम्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने नॉर्वेतील एका खडकातील युरेनियम व शिसे मोजून त्याचे वय ३७ कोटी वर्षे सांगितले. युरेनियमचे शिसे होते ते ठराविक गतीने. त्याच्या मुख्य प्रकाराचा निम्मा भाग सरावयास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. घड्याळ असे निसर्गातच होते, ते वाचावयाचे कसे एवढाच प्रश्न उरला.

हे घड्याळ झिरकॉन नावाच्या खनिजात सर्वांत चांगले चालते. स्फटिक बनताना तो युरेनियमला घरात घेतो, शिशाला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवतो. म्हणून पुढे त्यात जे शिसे सापडते ते बहुतेक तेथेच जन्मलेले. पण हा कण मोठा चिवट. जुन्या खडकातून सुटून तो नव्या शिलारसात पडला तरी पुरता विरघळत नाही. उलट जुन्या गाभ्यावर नवे कवच चढते. असा कण आम्लात विरघळवून मोजला की गाभा आणि कवच यांची खिचडी होते, आणि बखरीची तीच गत येथेही!

कॅनबेरा येथील विद्यापीठात १९८० च्या सुमारास आयनांच्या झोताने कणाचा एकेक ठिपका मोजण्याची सोय झाली. परंतु ते यंत्र खोलीभर पसरलेले आणि फार खर्चाचे. लेसरचा जन्म १९६० चा. इंग्लंडातील सरे विद्यापीठात अ‍ॅलन ग्रे यांनी १९८५ साली माणकाच्या लेसरने घन पदार्थाची धूळ उडवून ती तप्त आर्गॉन वायूच्या ज्योतीत नेली व अणूंचे वजन करणाऱ्या यंत्राशी जोडली. मग १९९३ साली न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातील फ्रायर, जॅक्सन व लाँगरिच यांनी याच मार्गाने झिरकॉनचे वय काढता येते असे दाखवले.

प्रयोगशाळेत चालते ते असे. कण राळेत बसवून घासून गुळगुळीत करतात. सूक्ष्मदर्शकाखाली जागा निवडली की लेसर केसाहूनही बारीक खड्डा पाडतो, आणि हेलियम वायू ती धूळ वाहून नेतो. पहिल्या यंत्रांचा अवरक्त प्रकाश पारदर्शक खनिजांतून आरपार जाई, नाहीतर त्यांचे तुकडे उडवी; म्हणून पुढे जंबुपार प्रकाश आला. त्याच धुळीतून टायटॅनियमही मोजता येते, आणि त्यावरून स्फटिक किती उष्णतेत बनला हे कळते. सराफाच्या कसोटीसारखा येथेही एक दगड लागतो. कॅनडातील ओंटारिओत सापडलेला २३८ ग्रॅमचा एक झिरकॉन हार्वर्डच्या संग्रहालयात ९१५०० या क्रमांकाने नोंदलेला होता. त्याचे वय सुमारे १०६ कोटी ५० लाख वर्षे. त्याचे बारीक तुकडे जगभरच्या प्रयोगशाळांतून वाटले गेले, आणि अनोळखी कणांचे वय त्यांच्याशी ताडून पाहतात.

लेसर आला म्हणून सर्व कोडी सुटली, असे मात्र आम्हांस वाटत नाही. त्याच्या उत्तरात साधारणपणे शेकडा एक-दोनची चूक राहते. आपला सह्याद्री सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा. त्याचा शेकडा एक म्हणजे साडेसहा लाख वर्षे! आणि येथील लाव्ह्याचा मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आतच वाहून गेला. म्हणजे ज्या प्रश्नासाठी जग दख्खनकडे पाहते, की डायनोसॉर नाहीसे झाले त्याच्या आधी हा अग्निप्रलय पेटला की नंतर, तेथे लेसरचा ठिपका तोकडा पडतो. म्हणून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी लाव्ह्याच्या थरांमधील तांबड्या मातीतून झिरकॉन वेचले आणि ते जुन्याच रीतीने, पण पराकाष्ठेच्या काळजीने, आम्लात विरघळवले. २०१५ साली त्यांचे उत्तर आले: मुख्य उद्रेक त्या संहाराच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला.

पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध शेजारी आले. प्रिन्स्टनच्या मते एक मोठी लाट संहाराच्या थोडी आधी उसळली होती. बर्कलेच्या आर्गॉन मोजणाऱ्या मंडळींच्या मते सुमारे तीन-चतुर्थांश लाव्हा संहारानंतरचा. दगड त्याच घाटांतले, घड्याळे दोन. घाटाच्या कापणीत काळ्या थरांमध्ये जो गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो, तसल्याच पट्ट्यांत पहिल्या पक्षाचे साक्षीदार सापडले. दुसऱ्याचे खुद्द काळ्या फत्तरात.