अर्धे रक्त, पुरे कार्ड

कॅनडा सरकार देत असलेल्या एका ओळखपत्रावर ‘इंडियन’ असे छापलेले असते. त्याचा आपल्याशी संबंध नाही. कोलंबसाची चूक कायद्यात कायम झाली, इतकेच. नोंदणीकृत मूळ रहिवाशांचे हे कार्ड दाखवून रस्त्याने अमेरिकेत जाता येते. मी त्याच्या मागे लागलो ते वेगळ्याच कारणाने. सीमेपलीकडे राहण्याचा हक्क नेमका कोणाला, हे त्या कार्डावरून कळत नाही.

हक्क जुना आहे. १७९४ च्या जे तहात ब्रिटन आणि अमेरिकेने मूळ रहिवाशांची मुक्त ये-जा मान्य केली. १९२६ मध्ये फिलाडेल्फियात पुलाच्या लोखंडकामावर असलेल्या पॉल डियाबो या काहनावाकेच्या मोहॉकला बेकायदा परदेशी म्हणून अटक झाली. न्यायालयाने त्याला या तहाच्या आधारे सोडले. १९२८ मध्ये अमेरिकी संसदेने तो हक्क कायद्यात घातला. जमातीत दत्तक म्हणून आलेले तेवढे वगळले, पण रक्ताची मोजणी त्यात नव्हती. ती आली १९५२ मध्ये: किमान ५० टक्के.

इकडे कॅनडाची नोंदवही रक्त मोजतच नाही. १९८५ पर्यंत बिगर-इंडियन पुरुषाशी लग्न करणाऱ्या इंडियन बाईचे नाव वहीतून कटत असे, आणि इंडियन नवऱ्याच्या गोऱ्या बायकोचे नाव वहीत चढत असे. म्हणजे जिच्या अंगात थेंबभर इंडियन रक्त नाही तिची नोंद पक्की, आणि जिचे सारे रक्त इंडियन ती वहीबाहेर! पुढे त्या बायकांना नोंद परत मिळाली, पण कार्डावर टक्के नसतातच. अमेरिकेत राहून नोकरी करायची तर आपल्या जमातीकडून रक्ताच्या प्रमाणाचे पत्र आणावे लागते. जातपडताळणीसाठी पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधत फिरलेल्यांना याचे नवल वाटू नये.

आणि हे सारे एकाच दिशेने. तहात घरगुती मालावरची जकातही माफ होती. कॅनडाने ती कधी मानली नाही. सीमेवरच वसलेल्या अक्वेसास्नेच्या लुई फ्रान्सिसने अमेरिकेतून वॉशिंग मशीन, फ्रीज आणि तेलावरचा हीटर आणला, त्यावर जकात लागली. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला: संसदेने कायदा केल्याशिवाय तह लागू होत नाही. १९८८ मध्ये त्याच गावचा माइक मिचेल भेटवस्तू घेऊन पूल ओलांडून आला. ब्लँकेटे, बायबले, पाव, लोणी, आणि पुन्हा एक वॉशिंग मशीन. १४२.८८ डॉलर जकात त्याने भरली नाही. खटला २००१ पर्यंत चालला, आणि तोही हरला.